सर्दीची एक, अंगदुखीची एक

हळद उकडून वाळली, आता शिरड शहापूरच्या शिवारात पॉलिशचे ड्रम फिरू लागलेत. पिवळी धूळ नाकात गेली की शिंका, डोळ्यांना पाणी. दिवसभर वाकून संध्याकाळी अंगही ठणकतं. मग आपण मेडिकलवर जाऊन म्हणतो, "सर्दीची एक द्या अन् अंगदुखीची एक द्या."

आमच्यातल्या एका वहिनींनी गेल्या साली अशाच गोळ्या तीन दिवस घेतल्या. आम्ही रिकामी पाकिटं वाचली, तर दोन्हींवर एकच नाव निघालं, पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, अंगदुखीच्या गोळीत ६५०. म्हणजे एका वेळी ११५०. वहिनी दोनदाच घेत होत्या म्हणून निभावलं. चार वेळा घेतल्या असत्या तर ४६०० झाले असते, आणि धडधाकट मोठ्या माणसानंही चोवीस तासांत ४००० च्या वर जायचं नसतं. वजन कमी असेल, दारू असेल, लिव्हरचं दुखणं असेल, तर त्याहून कमी. किती, ते डॉक्टरांनाच विचारा.

वाईट हे, की पहिल्या दिवशी फारसं कळत नाही. मळमळतं, ते आपल्याला उन्हाचं वाटतं. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं नंतर येतं, तोवर लिव्हरला मार बसलेला असतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्या असं वाटलं, तर त्रासाची वाट न बघता पाकिटं घेऊन दवाखाना गाठा. वेळेत गेलं तर यावर उतारा आहे.

पण घाबरून सगळंच बंद करू नका. नुसती सेटिरिझिन आणि नुसती पॅरासिटामॉल बहुतेकांना सोबत चालतात. सेटिरिझिननं झोप येते, ती रात्री घ्यावी. घेऊन मशीनजवळ जाऊ नये. डायक्लोफेनॅक मात्र दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर आपल्या मनानं घ्यायची नाही. बीपी असेल तर सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन आहे का, तेही विचारा.

आता तुम्ही म्हणाल, अक्षरं मुंगीएवढी, तीही इंग्रजी! खरंय. शाळेतल्या पोरीला वाचायला लावा. आणि दुकानदारानं दोनच गोळ्या कापून दिल्या, तर नाव बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं. तेव्हा आत काय आहे, किती मिलिग्रॅम, हे पुडीवर लिहून मागा. आम्ही मागतो, आणि तो देतो.