संगमरवरावरील जुना रंग

महाड-पोलादपूरकडील घरांत विलायती संगमरवरी शेकोटी नसते; परंतु संगमरवरी देव्हाऱ्यास कोणी तेलरंग फासला असल्यास प्रश्न तोच. तेथें फरशी धुण्याचें ॲसिड वापरूं नये. सह्याद्रीच्या काळ्या दगडाहून संगमरवर निराळा. तो चुनखडीच्याच जातीचा, आम्लानें फसफसून विरघळतो.

जुन्या तेलरंगांत शिसें असूं शकतें. घरगुती रंगांत तें दशलक्ष भागांत 90 हून अधिक नसावें, हा निर्बंध भारतांत 2017 पासूनचा. म्हणून कोरडें खरवडणें व जाळणें वर्ज्य. ती धूळ मुलांस विषवत्.

खिडक्या उघडून, हातमोजे घालून, संगमरवरास चालणारा आम्लरहित लेप प्रथम कोपऱ्यांत लावून पाहावा. मऊ झालेला रंग ओलाच लांकडी पट्टीनें काढावा. तो सावित्रीच्या पात्रांत टाकूं नये. रंग उशिरां निघाला तरी चालेल. झिजलेला दगड परत येत नाहीं.