शेवटच्या दोन फुटांचं पाणी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात रावपुरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "इथे विद्वान मंडळी बोलून गेलीत. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, राज्य सरकारचा नोकर. मी काय बोलणार?" ते म्हणाले, "जे रोज करता ते बोला." मी रोज पाण्याचं काम करतो, म्हणून पाण्यावर बोलतो. मात्र आज खात्याच्या कामाविषयी नाही, माझ्या घरात माझ्याच हातून झालेल्या चुकीविषयी बोलणार आहे.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली. म्हणजे चाकांवरचं घर; गाडीतच पलंग, ओटा, सिंक, सगळं. एका रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, नळाला कुबट पाणी येतंय. आधीचा मालक म्हणतो फिल्टर आहे, पण मला सापडतच नाही."

मी म्हटलं, "फिल्टर शोधू नकोस, पाइप शोध. टाकीपासून निघ आणि पाइपाला हात लावत नळापर्यंत ये." अर्ध्या तासात त्याला एक सोडून दोन जागा सापडल्या. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी होती, ती गाळाने भरलेली. आणि सिंकखालच्या खणामागे फिल्टरचं भांडं होतं. खण पुरता बाहेर ओढल्याशिवाय ते दिसायचंच नाही. तिकडच्या थंडीत आतलं पाणी गोठून भांडं तडकतं, म्हणून हिवाळ्याआधी ते रिकामं करून ठेव, हेही त्याला सांगितलं. मी खूश होऊन फोन ठेवला.

आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्याचा सात समुद्रापलीकडे सापडला. आपला कधी शोधणार?"

दोन वर्षं आई सांगत होती, "ओट्यावरच्या चकलीच्या पाण्याला वास येतो." (पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, आम्ही बडोद्याचे लोक नळालाही चकली म्हणतो. गैरसमज नको.) दर वेळी मी आरओच्या पाण्यात टीडीएसचं मीटर बुडवून तिला आकडा दाखवायचो. "आई, ऐंशी आहे. पाणी उत्तम आहे." ती गप्प बसायची.

यात माझ्या दोन चुका झाल्या. आई बोलत होती ओट्यावरच्या चकलीबद्दल. त्या पाण्यावर आमचा स्वयंपाक व्हायचा, देवाचा तांब्याही तिथेच भरायचा. मी मोजत होतो आरओचं पाणी, आणि त्याची लाइन वेगळी. दुसरी चूक अशी की टीडीएसचं मीटर पाण्यात विरघळलेले क्षार किती याचा अंदाज देतं. वास, गाळ, जंतू त्याला कळत नाहीत. ते आईच्या नाकाला कळत होतं.

त्या रविवारी मी आमच्या जुन्या वाड्यातला पाइप गच्चीवरच्या टाकीपासून धरला. ओट्याखाली पिठाच्या डब्यामागे, फळीच्या आड फिल्टरचं एक भांडं निघालं. बाबांनी बसवलेलं. भांड्यावर त्यांच्या अक्षरात खडूने तारीख होती, २०१४ सालची. बाबा २०१६ साली गेले. त्यानंतर ते भांडं कुणी उघडलंच नव्हतं. आतली कांडी पांढरी असते. ती तपकिरी, बुळबुळीत झाली होती. चकलीची धार बारीक होत चालली होती, तीही त्यामुळेच. मी समजत होतो, जुना लोखंडी पाइप गंजला असेल.

आईला विचारलं, "मग इतके दिवस काय करत होतीस?" ती म्हणाली, "उकळून घेत होते." घरात पाण्याचं काम करणारा मुलगा असून आई दोन वर्षं पाणी उकळत होती. म्हणून आज इथे उभा आहे.

आता कामाचं सांगतो.

घरात फिल्टर किती आहेत ते आठवू नका, पाइप धरून मोजा. टाकीच्या तोंडाची जाळी, चकलीच्या टोकाची जाळी, आरओच्या बाहेरचं भांडं, आत गाळाची कांडी, कार्बन, मेंब्रेन आणि बहुधा शेवटी आणखी एक कार्बन. सगळे धरा.

बदलताना आधी कॉक बंद करा. मग चकली उघडून पाइपातला दाब सोडा. नाहीतर भांडं उघडताच अंघोळ होते. भांड्याची रबरी रिंग पुसून नीट खाचेत बसवा. आडव्या फिल्टरवर बाण असतो, तो पाण्याच्या दिशेने ठेवा. नवा फिल्टर लावल्यावर सुरुवातीचं पाणी पिऊ नका, ते झाडांना किंवा फरशीला वापरा.

बाहेरची गाळाची कांडी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, आतली कांडी आणि कार्बन वर्षाच्या आत, मेंब्रेन दोन-तीन वर्षांनी. पाणी गढूळ असेल तर त्याआधीच. कार्बनकडे दुर्लक्ष करू नका. तो पाण्यातलं क्लोरीन धरतो, आणि क्लोरीनने महागडं मेंब्रेन खराब होतं. शिवाय कार्बनच्या पुढच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जुन्या कार्बनमध्येच जंतू घर करतात. न बदललेला फिल्टर कधी कधी नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट.

आणि प्रत्येक घराला आरओ लागतोच असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पाणी त्याच्या आत असेल तर साधा फिल्टर आणि उकळणं पुष्कळदा पुरतं. आधी पाणी तपासा, मग यंत्र घ्या.

मित्रांनो, सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकात आजव्याचा तलाव बांधून या शहराला पाणी दिलं. आज निमेट्याला ते शुद्ध होतं. महीच्या पात्रातल्या विहिरींचं पाणीही शहरात येतं. शेकडो माणसं रात्रंदिवस राबतात तेव्हा ते आपल्या दारात पोचतं. ओट्याखालचे शेवटचे दोन फूट मात्र आपले. तिथे ना महाराज येणार, ना महापालिका.

म्हणून एक विनंती. आपल्या पोळांमधून, वाड्यांमधून कितीतरी आजी-आजोबा एकटे राहतात. मुलं पुण्याला, परदेशात. खाली वाकून ओट्यामागे बघणं त्यांना जमत नाही, आणि सांगायला संकोच वाटतो. विसर्जनानंतरच्या रविवारी आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी अशा एकेका घरी जावं. पाना, बॅटरी आणि एक मार्कर पेन न्यावं. पाइप धरून चालावं, सापडेल ते भांडं उघडावं, आणि बंद करताना त्यावर तारीख लिहावी. बाबांनी लिहिली होती, म्हणून मला माझी चूक वर्षांसकट कळली.

आणि घरातलं कुणी म्हणालं की पाण्याला वास येतो, तर मीटर काढू नका. आधी तो पेला स्वतः तोंडाला लावा.

गणपती बाप्पा मोरया!