त्रिपिल्या : नीपरच्या कड्यावरचं गाव

युक्रेनची राजधानी कीव्ह. तिथून नीपर नदीच्या काठाने दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेलं, की उजव्या तीरावर त्रिपिल्या लागतं. हा काठ उंच, पलीकडचा सखल. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर, बारीक मातीचे हे कडे. पावसाने त्यांत घळी पडतात.

या मातीत १८९०च्या दशकात विकेंती ख्वोइका या मूळच्या चेक संशोधकाने खोदकाम केलं. भाजून लाल झालेल्या मातीचे थर लागले, नागमोडी आणि चक्राकार रेघांनी रंगवलेली भांडी निघाली. १८९९ साली कीव्हच्या पुरातत्त्व परिषदेत त्यांनी ती मांडली आणि एका अख्ख्या संस्कृतीला या खेड्याचं नाव मिळालं. आपल्या प्रवरेकाठच्या जोर्व्याचंही तसंच झालं. पण त्रिपिल्या संस्कृती फार जुनी, साधारण इ.स.पू. ५५०० ते २७५०. त्या लोकांच्या दक्षिणेकडच्या काही वस्त्या तीनशे हेक्टरांहून मोठ्या होत्या. घरं कुडाची, वर मातीचा जाड लेप. भिंती खोदकामातल्या त्या थरांइतक्या लाल भाजायच्या तर भरपूर लाकूड रचावं लागतं, चुकून लागलेल्या आगीने ते होत नाही. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, की हे लोक आपली घरं आपणच जाळत. मला या गोष्टीने कायम अस्वस्थ केलं आहे. हातांनी लिंपलेलं घर स्वतः पेटवणारी माणसं कसला निरोप देत असतील?

पुढे, कित्येक शतकांनी, हे गाव कीव्हच्या राज्याच्या सरहद्दीवर आलं. दक्षिणेच्या गवताळ मैदानातून घोडेस्वार टोळ्या येत. त्यांना अडवायला कीव्हच्या राजांनी जवळच्या स्तुग्ना नदीवर गढ्या बांधल्या. १०९३च्या मे महिन्यात नदीला पूर होता. तिथे चाल करून गेलेल्या सैन्यातला राजपुत्र वोलोदिमिर मोनोमाख लढाई नको म्हणत होता, पण इतरांनी ऐकलं नाही. पोलोव्त्सी नावाच्या घोडेस्वार टोळ्यांनी दाणादाण उडवली. माघारीच्या गर्दीत त्याचा तरुण भाऊ रोस्तिस्लाव त्याच्या डोळ्यांसमोर बुडाला. त्याला वाचवताना मोनोमाखही बुडता बुडता वाचला.

१९१९ साली याच गावचा दानिलो तेर्पिलो, म्हणजे अतामान झेलेनी, शेतकऱ्यांची फौज घेऊन बोल्शेविकांशी लढला. १९३२-३३मध्ये सोव्हिएत सरकारने धान्य ओढून नेलं आणि कीव्हच्या या सुपीक मुलुखात माणसं उपाशी मेली.

१९७०च्या दशकात खाली कानिव्हला धरण झालं; नदी फुगून सरोवरासारखी पसरली, काठची सखल कुरणं पाण्याखाली गेली. शेजारी औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याच्या कामगारांसाठी उक्राइंका हे नवं शहर वसलं. केंद्राला मात्र त्रिपिल्याचंच नाव. कीव्ह, चेर्कासी आणि झितोमिर प्रांतांना वीज देणारं ते सर्वांत मोठं केंद्र होतं. ११ एप्रिल २०२४ रोजी रशियन क्षेपणास्त्रांनी ते उद्ध्वस्त केलं. त्या दिवसांच्या बातम्यांत त्रिपिल्या हे फक्त एका वीजकेंद्राचं नाव होतं. म्हणून आज गावाबद्दल बोलावंसं वाटलं.