जुन्या रेषेच्या कडा



28 फेब्रुवारीला शाळाशाळांतून रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. 1928 साली कलकत्त्यात त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात नव्या रेषा पाहिल्या, हे आपण मुलांना सांगतो. सांगावंच. पण मूळ रंगाची जी जुनी रेषा, तिच्या कडाही पसरलेल्या होत्या. टीपकागदावर शाई फुटावी तशा. त्याच वर्षी या दोघांनी ‘नेचर’मध्ये टिपण लिहून या पसाऱ्याचा संबंध रेणूंच्या फिरण्याशी जोडला. मला विचाराल, तर द्रव म्हणजे काय हे त्या नव्या रेषांपेक्षा हा पसाराच जास्त सांगतो. कौतुक मात्र त्याच्या वाट्याला फारसं आलं नाही.

टेबलावर हा पाण्याचा पेला आहे, त्यात दुधाचे दोन थेंब टाकलेत. विजेरीचा झोत आडवा जातोय. बाजूने, झोताशी काटकोनात, पोलरॉइड गॉगलची काच डोळ्यापुढे धरून फिरवली, की एका ठिकाणी झोत बराचसा मावळतो. दुधातले बारीक कण गोल असतात, ते प्रकाशाच्या कंपनाची दिशा मोडत नाहीत. कार्बन टेट्राक्लोराइडचा रेणूही सगळीकडून जवळपास सारखाच. बेंझीनचा मात्र चपटा, कार्बन डायसल्फाइडचा काडीसारखा. असा रेणू ज्या अंगावर वळलेला असेल तशी कंपनाची दिशा बदलते, म्हणून काच कशीही फिरवा, थोडा उजेड उरतोच.

आता हा रेणू काही स्वस्थ बसत नाही. तो वळतो तसा हा उरलेला उजेड कमीजास्त होतो, आणि त्यामुळे त्याची वारंवारता दोन्ही बाजूंना पसरते. रेणू चपळ तितका पसारा रुंद. कार्बन डायसल्फाइडचे रेणू आपली दिशा विसरतात एक-दोन पिकोसेकंदांत. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. नायट्रोबेंझीनला 40च्या आसपास लागतात. द्रव घट्ट झाला की रेणूही सुस्तावतो.

द्रवात दुसरीही हालचाल असते. उष्णतेमुळेच त्यातून सतत ध्वनिलहरी धावत असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता थोडी बदलते, हे ब्रिल्वाँ यांनी 1922 साली गणिताने सांगितलं आणि लेनिनग्राडमध्ये ग्रॉस यांनी 1930 साली प्रत्यक्ष पाहिलं. हिरवा प्रकाश पाण्यातून उलट फिरून आला तर हा फरक सुमारे 7.5 अब्ज हर्ट्झ भरतो. प्रकाशाच्या वारंवारतेपुढे पाऊण लाखात एक भाग!

पण खरी गंमत द्रवाचा थर थरावर सरकण्यात आहे. गर्दीची लोकल आठवा. दादर आलं, लोंढा दाराकडे सरकला, की तुम्ही न ठरवता आडवे होता. उलट, तुम्ही नुसती पाठीवरची सॅक पुढे घ्यायला वळलात तरी शेजारचे चार जण हलतात, आणि काय ते बोलतात! द्रवातही असंच. प्रवाह रेणूंना वळवतो याची खूण मॅक्सवेल यांनी 1873 साली नोंदवली. कॅनडा बाल्सम हा चिकट राळेसारखा पदार्थ वाहता असताना त्यातून ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा, प्रकाश वेगळा दिसे. हालचाल थांबली की तो परिणाम तत्काळ नाहीसा होई.

आणि उलटा व्यवहार? रेणूंचा घोळका वळला की आजूबाजूचा द्रव ढवळतो, तोही चिन्ह सोडणारच. लिओन्टोविच यांनी 1941 साली या दिशेने सिद्धान्त मांडला. लेसर आल्यावर 1967-68 मध्ये मॉस्कोत फाबेलिन्स्की यांच्या गटाला आणि टोरांटोत स्टेगेमान व स्टॉइशेफ यांना ते चिन्ह सापडलं. कंपनाची दिशा मोडलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात, जिथे सर्वांत जास्त उजेड हवा तिथेच, अगदी मधोमध, एक बारीक खाच. मंद हालचालींत रेणूंबरोबर द्रवही वाहून जातो, आणि तेवढा उजेड कमी होतो. खाचेच्या रुंदीचा संबंध द्रवाच्या चिकटपणाशी असतो. म्हणजे ढवळण्याचा दांडा न बुडवता, नुसत्या उजेडावरून चिकटपणाचा अंदाज!

वेळ संपत आली आहे. पेला आणि गॉगल इथेच ठेवतो. जाताना झोताच्या बाजूला उभं राहून काच फिरवून पाहा. समोरून पाहिलंत तर काही फरक दिसणार नाही. आणि मुलांना आधी पाहू द्या.