समुद्रावरची साय



दुधावर धरते ती साय, रश्श्यावर येतो तो तवंग, साचलेल्या पाण्यावर माजतं ते शेवाळ. पातळ पदार्थाच्या वरच्या थराकडे आपलं पूर्वीपासून बारीक लक्ष असतं. आमच्या घरी तर तेल सुटून वर आल्याशिवाय सालन शिजलं, असं कुणी मानत नाही. समुद्रालाही अशीच एक साय असते, आणि तिचा अभ्यास करण्यात काही रसायनशास्त्रज्ञ अख्खं आयुष्य घालवतात. मी कविता लिहिणारा माणूस, राहायला मुळशीच्या डोंगरात. मला या सायीचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. त्याकडे येतोच.

ही साय म्हणजे समुद्राच्या पाण्याचा अगदी वरचा थर. जाडी एक मिलिमीटर, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. समुद्रातले सूक्ष्म जीव जगतात, मरतात, आणि त्यांच्या शरीरातले स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, चिकट शर्करा पाण्यात मिसळतात. लाटांमुळे तयार झालेले बुडबुडे हा माल वर आणून सोडतात. यातल्या कित्येक रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळ काढतं. अशांना पाणी आणि हवा यांच्या सीमेवरच जागा मिळते. वारा पडलेला असला की समुद्रावर मधेच गुळगुळीत, चकचकीत पट्टे दिसतात. ते या सायीचेच.

माणसाला तिची ओळख पटली ती गमतीदार रीतीनं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं. बघता बघता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. हा वृत्तांत १७७४ साली छापला गेला. आज साधा भागाकार केला तर कळतं, मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या जेमतेम दोन-तीन भागांइतकी त्या तेलाची जाडी होती. पुढे जर्मनीत आग्नेस पोकेल्स या मुलीनं भांडी घासता घासता या थराचा अभ्यास सुरू केला. विद्यापीठाचे दरवाजे तेव्हा तिथल्या मुलींना बंद होते. घरच्या घरी बनवलेल्या पत्र्याच्या पन्हळीत तिनं मोजमापं घेतली आणि ती लॉर्ड रॅले यांना पत्रानं कळवली. रॅले यांनी ते पत्र १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आणलं. एका मोठ्या शास्त्राचा पाया असा स्वयंपाकघरात घातला गेला.

इथवर सगळं कौतुकाचं आहे. काळजी पुढे आहे.

डीडीटीसारखी कीटकनाशकं, खनिज तेलातले आणि धुरातले कितीतरी घटक पाण्यात सहज विरघळत नाहीत, चरबीत मात्र विरघळतात. समुद्रावर अशी स्निग्ध साय पसरलेली म्हटल्यावर ते तिथेच मुक्काम ठोकतात. हवेतून काजळी आणि धूळ पडते तीही आधी इथेच. प्लास्टिकचे बारीक कणही इथे अडकतात. त्यामुळे खालच्या पाण्याच्या तुलनेत या सायीत विषारी द्रव्यं काही पट, काही ठिकाणी शेकडो पट अधिक सापडली आहेत.

आणि याच थरात, किंवा त्याला अगदी लागून, अनेक माशांची अंडी तरंगतात. आपल्या ताटातला बांगडा घ्या, तारली घ्या. त्यांची अंडी पाण्यावर तरंगणारी. अंड्यातून निघालेलं पिल्लू डोळ्याला धड दिसतही नाही, आणि त्याचे पहिले दिवस जातात ते समुद्राच्या सर्वांत विषारी होऊ शकणाऱ्या थराच्या आसपास. त्यात तेलातली काही द्रव्यं सूर्यप्रकाशात अधिक घातक होतात, आणि ऊन सर्वांत जास्त पडतं ते इथेच.

आता मोजणीची गोष्ट ऐका. पाण्याचा नमुना घेण्याची रूढ रीत अशी, की बाटली पृष्ठभागाच्या खाली बुडवायची आणि वरचा तवंग आत येऊ द्यायचा नाही. पाण्याची सर्वसाधारण प्रत कळायला ही रीत बरोबरच आहे. पण मग अहवालात पाणी ठीक आहे असं येतं आणि अंडं तर वरच्या थरात असतं. सायीचा नमुना वेगळाच घ्यावा लागतो. बारीक तारेची जाळी पृष्ठभागावर टेकवतात, किंवा काचेची पट्टी उभी बुडवून सावकाश वर काढतात. काचेला चिकटलेला पातळ थर निपटून बाटलीत घेतात. पुरेसा नमुना जमायला पट्टी पुन्हा पुन्हा बुडवावी लागते. काम साधं, पण चिकाटीचं.

आपल्याकडे समुद्राच्या रसायनाचा अभ्यास रुजवला तो गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं. ती १९६६ सालची. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकातच अरबी समुद्रातल्या सूक्ष्म प्राण्यांच्या शरीरात डीडीटी शोधून काढलं. शेतात आणि गावात फवारलेलं औषध समुद्रातल्या जीवांपर्यंत पोहोचलं होतं. सय्यद झहूर कासिम, आर. सेनगुप्ता आणि टी. डब्ल्यू. कुरेशी यांनी १९८८ साली भारताभोवतालच्या समुद्रांच्या प्रदूषणाचा सविस्तर आढावाच मांडला. पावसाळ्याच्या सुमाराला गोव्याच्या किनाऱ्यावर काळे डांबरगोळे येऊन पडतात. समुद्रावरचा तेलाचा तवंग घट्ट होत होत त्यांचे असे गोळे होतात. त्यांचे रासायनिक ठसे जुळवून हे तेल कुठून आलं असावं याचा माग याच संस्थेतले लोक काढतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा ३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. अशी दुर्घटना सगळ्यांना दिसते, फोटो छापून येतात. साय मात्र रोज थोडी थोडी बिघडत राहते, तिचा फोटो निघत नाही.

शिवाय समुद्राचा श्वास या सायीतूनच चालतो. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. ब्रिटनमधले पर्यावरण रसायनशास्त्रज्ञ पीटर लिस यांनी स्लेटर यांच्यासोबत १९७४ साली हवा आणि समुद्र यांच्यातली ही वायूंची देवघेव कशी मोजायची ते दाखवलं. साय दाट झाली की ही देवघेव मंदावते.

आता मुळशी. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, त्याच धरणानं आमच्या पाण्याची दिशा बदलली. मूळची मुळा नदी पूर्वेला जाणारी. पुण्यात मुठेला भेटून, भीमेतून, कृष्णेतून ती बंगालच्या उपसागराला मिळते. पण १९२७ पासून धरणात अडवलेलं पाणी बोगद्यानं आणि नळांनी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं जातं. तिथून ते कुंडलिकेला मिळतं, कोलाड आणि रोह्यावरून, धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारून वाहतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात शिरतं. म्हणजे आमच्या एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. गाडी धुतल्यावर ओढ्यात गेलेलं तेल, फवारणीचा पंप विसळलेलं पाणी, हॉटेलच्या मोरीतला साबण, यातलं जे वाटेत विरणार नाही ते कुठल्या तरी समुद्राच्या सायीवर जाऊन बसेल. डोंगरात राहतो म्हणून आम्ही यातून सुटत नाही.

म्हणून दोन मागण्या. एक आपल्या सगळ्यांकडे: तेल आणि औषध पाण्यात ओतायचं नाही, फवारणीचा पंप ओढ्यावर धुवायचा नाही. दुसरी, पाणी तपासणाऱ्यांकडे: खाड्यांच्या तोंडाशी बाटलीबरोबर काचेची पट्टीही बुडवा, आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छापा. रेवदंड्याच्या कोळ्याला त्याच्या जाळ्यात पुढच्या वर्षी काय येणार, याचा थोडा अंदाज तरी त्यातून बांधता येईल. बांगडा खाणाऱ्या आपल्यालाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)