कुरणाच्या वईवरचा वसंत

फाल्गुन-चैत्रात कोकणात आणि घाटमाथ्यावर कुरणाच्या वईची डागडुजी सुरू होते. कोयता चालवताना जरा थांबून वईवरची रानफुलं बघाच!

वईतला पांगारा या दिवसांत निष्पर्ण असतो आणि लालभडक फुलतो. मैना, बुलबुल मधासाठी चोच घालतात, तेव्हा पराग त्यांच्या डोक्याला लागून पुढच्या फुलावर जातात. पांगारा शेंगवर्गातला, त्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही मिळतं.

उतारावरची धायटी हातात घेऊन बघा. लाल दिसते ती पाकळी नव्हे, तो नळीसारखा निदलपुंज. खऱ्या पाकळ्या अगदी इवल्या. पाकळ्या गळाल्या तरी लाली टिकते. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात.

करवंदीच्या जाळीवर आता पांढरी, सुवासिक चांदणी फुलं आहेत. गुरं अडवायला तिच्या काट्यांसारखी दुसरी वई नाही. पण आता जाळी सपाट केलीत, तर वैशाखात करवंदं कुठून मिळणार? मोडलेली जागा तेवढी काटेरी शिरडांनी बुजवा. छाटणी करवंदं उतरल्यावर करा. पांगाऱ्याच्या जाड फांद्याही पावसाच्या तोंडावरच रोवा. त्या सहज मूळ धरतात.