इबोला : विषाणू आणि बाजार

(शहाड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आफ्रिकेच्या जंगलातील रोगाशी शहाडच्या कामगाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण सापडला तो शेजारच्या डोंबिवलीत, आणि तोही दक्षिण आफ्रिकेहून आलेला. दूरच्या रोगाचा विचार करायला एवढे कारण पुरे आहे.

इबोला प्रथम ओळखला गेला १९७६ साली. झाईरमधील यांबुकूच्या मिशन रुग्णालयात रोज सकाळी पाच सुया काढल्या जात आणि त्याच शेकडो रुग्णांना टोचल्या जात. मध्ये कोमट पाण्यात बुचकळल्या की झाले! ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. विषाणू वटवाघळांकडून आला असावा. गावोगाव पोचविला तो दारिद्र्याने.

हा रोग हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, वांती, जुलाब यांच्या प्रत्यक्ष स्पर्शातून लागतो. लक्षणे २ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर त्या माणसापासून इतरांना धोका नसतो. मृतदेह मात्र अत्यंत घातक. प्रेताला स्नान घालणारे आप्तच बळी पडत गेले. रुग्णास वेगळे ठेवावे, त्याच्या संपर्कातील प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवावे, परिचारिकेला हातमोजे द्यावेत, अंत्यविधी सुरक्षित करावा. लस नसतानाही अनेक साथी एवढ्यावर आटोक्यात आल्या.

मग २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत ११,३०० हून अधिक माणसे का मेली? लायबेरियात ४० लाखांवर लोकसंख्येमागे डॉक्टर होते पन्नासच्या आसपास. सरकारने मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट ही झोपडपट्टी सैनिकांकरवी कोंडली. गोळी लागून एक मुलगा मेला. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हा लोक रोगी लपवू लागले होते. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लोकांचा विश्वास बंदुकीने मिळत नाही, हे सत्ताधाऱ्यांना दर वेळी नव्याने शिकवावे लागते.

आणि लस? ती कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेत, म्हणजे जनतेच्या पैशाने, सिद्ध झाली होती. माकडांवरील तिचे यश २००५ सालीच प्रसिद्ध झाले. गिऱ्हाईक गरीब, म्हणून ती जवळजवळ दहा वर्षे पडून राहिली. २०१० साली एका छोट्या कंपनीने तिचे हक्क सुमारे दोन लाख डॉलरना घेतले. साथ भडकल्यावर, २०१४ मध्ये, मर्क कंपनीने त्याच हक्कांचा ५ कोटी डॉलरचा सौदा केला. लसीला रीतसर मान्यता मिळाली २०१९ साली.

तेव्हा आपल्या महापालिकेच्या रुग्णालयात विलगीकरणाच्या खाटा किती, आणि कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे मिळतात काय, याची चौकशी शाखांनी या महिन्यातच करावी.